अन्वीसाठी पाठ केलेली वाक्यं

"पहिल्या वाटीत कोण," देशिंगकर सर म्हणाले, "मधल्या वाटीत तो काय करतो, आणि तिसऱ्या वाटीत कशाला. इंग्रजीचा सगळा संसार या तीन वाट्यांत आहे, बाई. बोला."

माझ्याच खानावळीतलं टेबल, माझ्याच वाट्या, आणि मी हात मांडीवर घेऊन पहिलीतल्या पोरीसारखी समोर बसलेली. सरांनी पहिल्या वाटीत लिंबू ठेवलं होतं, मधल्या वाटीत मिरची आणि तिसरीत भाताची शितं. लिंबू म्हणजे मी. मिरची म्हणजे शिजवणं. भात म्हणजे भात.

"आय," मी म्हणलं.

"छान."

"आय राइस..."

"भात कुठनं आला मधेच? भात तिसऱ्या वाटीत आहे ना? मधल्या वाटीत काय?"

"मिरची."

"बाई, ही थट्टेची वेळ आहे का?"

मी थट्टा करत नव्हते. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. पन्नाशी उलटली माझी, तोवर मी आधी सगळं सांगून मग शेवटी काम सांगत आले. उद्या, बाजारातनं, हिरवी वांगी, आणते. आणि हे सर म्हणत होते की आधी आणते म्हणा आणि मग वांगी. अजून वांग्याचं नावच काढलं नाही तर आणू काय, कपाळ?

"परत," सर म्हणाले.

"आय कुक राइस."

"अर्थ?"

"मी भात शिजवते."

"अर्थ विचारायला लावू नका मला. वाक्य संपलं की पाठोपाठ अर्थ आला पाहिजे. अर्थाशिवाय वाक्य म्हणजे मिठाशिवाय आमटी."

देशिंगकर सरांनी जन्मभर मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या मिरजेत निम्म्या गावानं त्यांच्या हातची छडी खाल्ली असंल. बायको गेल्यापासून दोन्ही वेळेला ते माझ्याकडं जेवायचे. त्यांची शिकवायची पद्धत सगळ्या मराठी शाळांत असते तीच. आधी सरांनी वाक्य म्हणायचं, मग आपण म्हणायचं, आणि लगेच त्याच चालीत त्याचं मराठी म्हणायचं. धिस इज अ कॅट, ही मांजर आहे. मी सातवीपर्यंत असंच शिकले होते, त्यातलं मांजर तेवढं राहिलं होतं.

आता हा उपद्व्याप कशासाठी ते सांगते. माझी एकुलती एक लेक, त्रिशला, नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात पर्थला होती. दोघं गाडीतनं घरी येत होते आणि समोरनं ट्रक आला. पोर पाळणाघरात होती म्हणून वाचली. दोघांच्या अस्थी इकडं आल्या. पोर आली नाही. अन्वी, माझी नात, पाच वर्षांची. तिला तिथल्या सरकारनं एका जोडप्याच्या घरी ठेवलं होतं. भली माणसं होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही, आणि पोर कायमची ठेवून घ्यायची त्यांची तयारी होती. जावयाच्या घरचं म्हणाल तर त्याचे आईवडील केव्हाच गेलेले, आणि भाऊ म्हणाला, आम्हालाच दोन आहेत.

म्हणजे राहिले मी. मी मागितली पोर. वकिलामार्फत, ईमेलमार्फत, ज्याच्या त्याच्या हातापाया पडून मागितली. तिकडच्या सरकारी बाईंनी सगळं तपासलं, माझं घर, माझी तब्येत, खानावळीचं लायसन. शेवटी अडलं ते एकाच ठिकाणी. अन्वीला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि मला इंग्रजी येत नव्हतं. ज्या बाईशी पोरीला एक शब्द बोलता येत नाही, तिच्याकडं पोर कशी पाठवायची? त्यांचंही चुकत नव्हतं, तेच तर माझ्या जिवाला जास्त लागत होतं. त्यांनी ठरवलं की पुढच्या आठवड्यात आजीनं नातीशी व्हिडिओवर दहा मिनिटं बोलायचं. त्यावरनं काय ते ठरवू.

आणि हे होणार हे मी त्रिशलाला सांगत नव्हते का? पोर उशिरा बोलायला लागली तेव्हा पाळणाघरातली कुणी बाई म्हणाली, घरात एकच भाषा बोला, पोराचा गोंधळ होतो. झालं! आमच्या बाईसाहेबांनी घरात मराठी बंद केलं. दर रविवारी फोनवर तासतासभर मी ओरडायचे, "अगं, तुझी पोर माझ्याशी बोलणार कशी? मी मेल्यावर इंग्रजीत रडणार आहे का ती?" ती हसायची. फोन पोरीच्या कानाला लावायची. पोर म्हणायची, "हाय आजी, बाय आजी," आणि पळायची. एवढीच आमची ओळख.

"आय ॲम युवर ग्रँडमदर," सर म्हणाले.

"आय ॲम युवर ग्रँडमदर. मी तुझी आजी आहे."

"आय लिव्ह इन मिरज."

"आय लिव्ह इन मिरज. मी मिरजेत राहते."

"आय हॅव अ बिग हाऊस."

"सर, खोटं कशाला? वर दोन खोल्या आहेत, त्यातल्या एकीत गव्हाची पोती."

"बरं. आय हॅव अ हाऊस. पुढं. आय लव्ह यू."

मी वाटीतल्या लिंबाकडं बघत बसले.

"काय झालं?"

"हे नको."

"अहो, हेच तर मुख्य आहे!"

"आमच्यात असं तोंडावर म्हणतात का कुणी? त्रिशलाला मी जन्मात म्हणलं नाही. लाज वाटंल मला."

"पद्माबाई," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, "ते लोक हे दिवसातनं चार वेळा म्हणतात. तुम्ही म्हणाला नाहीत तर त्यांना वाटंल, तुमची माया नाही. लिंबू, मिरची, भात. आय, लव्ह, यू. तुमच्यासाठीच केल्यासारखं वाक्य आहे बघा, तीन शब्द, तीन वाट्या."

म्हणलं मी. भिंतीकडं बघून म्हणलं. "आय लव्ह यू. माझं तुझ्यावर प्रेम आहे." त्यातलं मराठी म्हणताना तर आणखीनच कसंतरी झालं.

तो सगळा आठवडा माझ्या डोक्यात तीच घरघर चालू होती. कणीक तिंबताना आय ॲम, आमटीला फोडणी देताना आय लिव्ह. मेडिकलची पोरं जेवायला यायची आणि म्हणायची, "काकू, भाजी करपलीय." मी म्हणायचे, "मग खाऊ नका." एक बिचारा पाणी मागायला आला तर मी त्याच्यावर खेकसले, "आय गिव्ह वॉटर, मी पाणी देते, बस खाली!" पोरं हसली नाहीत. त्यांना ठाऊक होतं सगळं.

पाठ होत होतं, असं नाही की होत नव्हतं. पण एक वाक्य आलं की दुसरं जायचं. आणि मग व्हिडिओच्या आदल्या दिवशी माझ्या मनात आलं ते मी सरांना विचारलं.

"सर, मी म्हणेन हो सगळं. पण तिनं काही विचारलं तर?"

"विचारलं तर उत्तर द्यायचं."

"ती काय विचारतेय ते कळायला नको?"

सरांनी चष्मा पुसला. "प्रश्नात काय होतं, बाई, थोडं उलटं होतं. क्रियापदातला एक तुकडा पुढं येतो. म्हणजे मधल्या वाटीतली अर्धी मिरची उचलायची आणि लिंबाच्या आधी..."

मी टेबलावरनं हात फिरवला. तिन्ही वाट्या खाली गेल्या. लिंबू गडगडत चुलीपर्यंत गेलं.

"मला नाही येत!" मी ओरडले. "मला नाही येणार! लेक गेली माझी, तिची एवढीशी खूण राहिलीय, ती मी मिरच्या मोजून मिळवू का? देवानं मला दगड केलं असतं तर बरं झालं असतं. त्या पोरीच्या पुढं मी काय उभी राहू, मुकी म्हैस?"

सर उठले. त्या वयात खाली वाकले, वाट्या गोळा केल्या, शितंसुद्धा वेचली. मग म्हणाले, "प्रश्न राहू देत. आपण असं करू. तुम्ही वाक्यांमागनं वाक्यं म्हणत राहा. तिला विचारायला जागाच देऊ नका."

मी त्याही दुःखात हसले. मग आम्ही परत बसलो.

दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवली. आमचे मालक, त्रिशलाचे वडील, गेले तेव्हासुद्धा तेराव्यानंतर लगेच चूल पेटली होती, पण त्या दिवशी मी दाराला कडी लावली. दुपारची वेळ होती, तिकडं शाळा सुटल्यानंतरची. सकाळपासनं माझ्या पोटात चहासुद्धा नव्हता. सरांनी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करून दिला, माझा पदर नीट करायला सांगितला आणि ते मागच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. खोलीत दुसरं कुणी नको अशी तिकडची ताकीद होती.

फोनवर दोन बायका दिसल्या. एक गोऱ्या, मार्गारेट नावाच्या, त्याच त्या सरकारी बाई; अन्वी होती त्या घरात बसल्या होत्या, पोरीचं सगळं त्यांच्या हातात होतं. दुसऱ्या दुभाषी, भारंबे बाई, मूळच्या जळगावच्या. त्या दुसऱ्या चौकोनात होत्या, त्यांच्या घरी असाव्यात.

"नमस्कार आजी," भारंबे बाई म्हणाल्या. "आधी मार्गारेट तुम्हाला थोडं विचारतील, ते मी सांगीन. मग तुम्ही अन्वीशी बोला. त्या वेळी मी मध्ये बोलणार नाही, मला तशी परवानगी नाही. आणि एक, ती सध्या फार बोलत नाही. घाबरू नका."

मार्गारेट बाईंनी विचारलं, शाळा किती लांब आहे, आजारी पडली तर डॉक्टर कोण. मी म्हणलं, "अख्खं मिरज डॉक्टर आहे, दहा तर माझ्याकडं जेवतात." भारंबे बाईंनी ते सांगितलं, आणि मार्गारेट बाई हसल्या. मला वाटलं, बाई वाईट नाही.

मग फोन फिरला आणि अन्वी दिसली.

तिचे केस कापले होते. एवढे लांब केस, त्रिशला तेल लावून दोन वेण्या घालायची, फोटो पाठवायची, ते कानापर्यंत कापलेले. कुणीतरी काळजीनंच कापले असतील, विंचरायला सोपे जावेत म्हणून. ती एका छोट्या टेबलाशी बसून रंगवत होती. मान वर केली नाही.

"हॅलो, अन्वी," मी म्हणलं. "आय ॲम युवर ग्रँडमदर. मी तुझी आजी आहे."

आणि जीभ चावली. हे काय केलं मी? अर्थ कशाला म्हणले? तिचा हात रंगवता रंगवता थांबला. मला वाटलं, झालं, पोरगी गोंधळली. पाळणाघरातली बाई म्हणाली होती तसाच गोंधळ.

मी सावरले. फक्त इंग्रजी, मनाशी म्हणलं. मराठी गिळायचं.

"आय लिव्ह इन मिरज," म्हणलं आणि तोंड मिटलं.

ती परत रंगवायला लागली. निळा खडू. कागदाच्या एकाच जागी घासत होती.

"आय हॅव अ हाऊस." काही नाही. "आय कुक राइस." काही नाही. मधल्या वाटीत मिरची, तिसऱ्या वाटीत भात, सगळं जागच्या जागी, सरांनी शाबासकी दिली असती, आणि पोर माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मागं कुठंतरी त्या घरातली बाई दिसली, हात छातीशी धरून उभी. तिच्या तोंडावर माझ्याबद्दलची दया दिसत होती. दुसऱ्याच्या घरात आपल्या नातीपुढं आपण उभं आहोत आणि परकी बाई आपली कीव करतेय, ह्याच्यासारखा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

आता राहिलं होतं एकच वाक्य.

"आय," मी म्हणलं. "आय लव्ह यू."

अन्वी खुर्चीवरनं खाली उतरली आणि टेबलाखाली गेली. दिसेनाशी झाली. नुसता कागद दिसत होता, निळा.

वाक्यं संपली होती. मी शोधलं, डोक्यात होतं नव्हतं ते सगळं उपसलं, मांजरसुद्धा आठवलं. मार्गारेट बाई कडेला बसून कागदावर काही लिहीत होत्या. काय लिहीत असतील ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. गेली, मी म्हणलं. ही पण गेली.

आणि मग माझा बांध फुटला. समोर कोण आहे, काय आहे, काही राहिलं नाही. मी पोरीशी बोललेच नाही, मी त्रिशलाशी बोलायला लागले. रविवारी बोलायचे तशी, तशीच भांडत.

"बघ, बघ गं बाई, काय करून ठेवलंस! सांगत होते ना मी तुला? शंभरदा सांगितलं, पोरीशी आपलं बोल, आपलं बोल. ऐकलंस कधी आईचं? लहानपणापासनं तुझं तेच, आपलंच खरं. आता तू गेलीस निघून आणि मला ठेवलंस हितं वाट्या मांडत! बघंना सुद्धा माझ्याकडं तुझी लेक. मी काय करू, सांग ना, त्रिशला, मी काय करू गं?"

"हो गं."

मी थांबले.

टेबलाखालनं आलं होतं ते. बारीक आवाज, पण चाल... ती चाल माझ्या लेकीची होती. मी फार बडबडले की जरा कंटाळून, जरा लाडात, 'हो' लांबवून आणि 'गं' सोडून द्यायची ती.

"हो गं, आई," टेबलाखालनं परत आलं.

मी फोनच्या आणखी जवळ सरकले. अन्वी वर आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती सरळ फोनकडं चालत आली, त्यांचा तो पाटीएवढा मोठा फोन दोन्ही हातांनी उचलला आणि कानाला लावला. माझ्या समोर आता काही राहिलं नाही, चेहरा नाही, खोली नाही. नुसता एक कान. कापलेल्या केसांतला छोटासा कान, आणि त्यात, ती तान्ही असताना त्रिशलानं इथं मिरजेत आणून टोचून घेतलेलं सोन्याचं बारीक कुडकं.

आणि ती गप्प झाली. वाट बघत होती. मी बोलायची वाट बघत होती.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दर रविवारी त्रिशला फोन कानाला लावून घरभर फिरायची, आणि पोर तिच्या पायापायात असायची. तिच्याशी कुणी मराठी बोललं नव्हतं. पण आई मराठी बोलते ती कुणाशी, कशी, मधे मधे थांबते किती, हे सगळं तिनं ऐकलं होतं. मराठी म्हणजे तिच्या लेखी आईचं फोनवरचं बोलणं. मी चुकून एक वाक्य बोलले, तर तिचा हात थांबला होता. मला वाटलं होतं, गोंधळली.

"काय सांगू तुला," मी म्हणलं. मला काय बोलावं कळत नव्हतं, पण थांबायचं नव्हतं. "अगं, आज खानावळ बंद ठेवली."

"अय्या," कान म्हणाला.

"तर काय! आणि आपले देशिंगकर सर, बाहेर पायरीवर बसलेत उन्हात. टोपी पण नाही डोक्यावर."

"बरं."

"दोडके काय महाग झालेत, विचारू नको."

"हो ना."

ती काहीही म्हणत होती. तिला कशाचा अर्थ कळत नव्हता, मला तेवढं कळत होतं. पण ती बरोबर तिथं थांबायची जिथं त्रिशला थांबायची, बरोबर तिथं हुंकार द्यायची. मी रडत होते आणि दोडक्यांचे भाव सांगत होते. कुणी मला तेव्हा बघितलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात घातलं असतं.

मग ती म्हणाली, "चल, ठेवते हं."

"नको!" मी ओरडले. "नको ठेवू, अन्वी, थांब..."

तिनं ठेवला. ठेवते म्हणल्यावर आई ठेवायचीच. फोन काळा झाला.

मी तो उचलला, दाबला, हलवला. मला परत लावता येत नव्हता, तिकडनंच लागायचा. माझी हाक ऐकून सर आत आले.

"संपलं? दहा मिनिटं झाली नाहीत अजून."

"तिनं बंद केला."

"वाक्यं म्हणालात सगळी?"

"म्हणाले."

"मग?"

"मग काय, खड्ड्यात गेली तुमची वाक्यं! टेबलाखाली गेली पोर. आणि मी त्या बायकांसमोर दोडक्याचे भाव सांगत बसले, सर. मी हरले. दोडके म्हणे! ते लिहितील, म्हातारी भ्रमिष्ट आहे."

सर समोर बसले. त्यांनी काही समजूत घातली नाही, ते मला बरं वाटलं. बाहेर कुणी जेवायला आलं होतं, कडी वाजवून गेलं. मी फोनकडं बघत होते. तो तसाच काळा. मला आता त्रिशलाच्या चितेचंसुद्धा काही वाटंना, ती तर मी बघितलीही नव्हती, तिकडं लांब पेटली होती. ह्या फोनचंच सुतक धरून बसल्यासारखे आम्ही दोघं बसलो.

बऱ्याच वेळानं वाजला. नुसता आवाजाचा फोन. भारंबे बाई.

"आजी, मार्गारेट विचारतायत, अन्वीला मराठी येतं असं कुणीच कसं सांगितलं नाही?"

"येत नाही तिला," मी म्हणलं. आता खोटं बोलून काय मिळणार होतं. "तिला एक अक्षर कळत नाही. आईची नक्कल करत होती ती."

बाईंनी तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आजी, तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं. अपघातापासून ती बोललेली नाही. फार बोलत नाही असं नाही, काहीच बोललेली नाही. इंग्रजीसुद्धा नाही. त्या घरातल्यांनी तिचा आवाजच ऐकला नव्हता."

मी सरांच्या हाताला धरलं.

"आणि आता ती थांबत नाहीये," भारंबे बाई म्हणाल्या. "टॅबलेट कुणाला देत नाही. तो बंद आहे तरी कानाला लावून घरभर फिरतेय. त्यांनी दुसऱ्या फोनवर मला ऐकवलं. मला ते मार्गारेटना इंग्रजीत करून द्यायचंय, आणि मला ते... माफ करा हं." त्या फोनपासनं लांब जाऊन परत आल्या. "ती म्हणते, 'आई, जेवलीस का?' मग थांबते. उत्तर येत नाही. मग परत, 'आई, जेवलीस का?' तेवढंच चाललंय. पुढं जातच नाहीये ती."

रविवारी फोन आला की त्रिशलाचं पहिलं वाक्य तेच असायचं. सगळ्या गावाला वाढून माझं जेवण चार वाजेपर्यंत राहायचं, तिला ठाऊक होतं. नाही म्हणलं की चिडायची.

"लावा," मी म्हणलं. "तिला उत्तर पाहिजे. लावा लवकर."

भारंबे बाई तिकडं काही बोलल्या. मार्गारेट बाईंचा आवाज आला, एकच शब्द, आणि मग माझ्या समोर पुन्हा तो कान उजळला.

"आई, जेवलीस का?"

"नाही गं," मी म्हणलं. "अजून नाही."

कानातलं कुडकं हललं. मग माझ्या लेकीच्या रागात, जसाच्या तसा, म्हणाला, "आधी जेव. मी थांबते."

सरांनी आतनं ताट आणलं. कालची भाकरी होती, घट्ट झालेली, आणि शेंगदाण्याची चटणी. मी घास तोंडात घातला. गिळंना. परत चावला. ती थांबली होती. कागदपत्रं पुढं आठ महिने हलत राहिली आणि मग त्यांनी मला पोर दिली, ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मार्गारेट बाईंनी काही विचारलं आणि भारंबे बाईंनी त्यांना हळूच काही सांगितलं. मी तुकडा मोडत होते, चावत होते, नाक पुसत होते, आणि अन्वी माझं जेवण ऐकत होती. ताट संपेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.